संत व्लाहोच्या मेणबत्त्यांची फुली

मित्रांनो, मी ऑलिव्हच्या लाकडाची एक जुनी फुली आहे. माझ्या दोन हातांत दोन मेणबत्त्या बसतात. त्या पेटवत नाहीत. त्यांच्या बेचक्यात माणसाचा गळा धरायचा आणि म्हणायचं, "संत व्लाहोच्या विनवणीने देव तुझा गळा राखो." एवढंच माझं काम.

संत व्लाहोने घशात माशाचं हाड अडकलेल्या एका लेकराला वाचवलं होतं म्हणतात. आमचं बेट कोळ्यांचं. म्हणून मठातल्या सिस्टरांनी टेकडीवर हायस्कूल काढलं, तेव्हा दुसऱ्या कुठल्या संताचं नाव निघालंच नाही. येर्को सुताराने वाऱ्याने मोडलेल्या फांदीतून मला घडवलं. तेलपाणी मात्र केलं नाही. म्हणाला, "हिला तकाकी गळेच आणतील." आणली हो त्यांनी.

पुढे युद्ध झालं आणि देवधर्म न मानणाऱ्या नव्या सरकारने शाळेला कुलूप ठोकलं. जुन्या सिस्टरांनी मला पिठाच्या पिंपात दडवलं. तिथे मी म्हातारी झाले. ते सरकार जाऊन कुलूप निघालं, तेव्हा पीठ झटकून मला हातात घेतलं ते सिस्टर रोझालियांनी. त्या गाणं शिकवायच्या.

मग काही वर्षं फार सुखाची गेली. फेब्रुवारीत संतांच्या सणाला मुलांची रांग प्रार्थनाघरातून पार विहिरीपर्यंत जायची.

"सिस्टर, माझा गळा ठणठणीत आहे. गणिताच्या तासाला जीभच तेवढी जड होते."

"त्या दुखण्याला मेणबत्ती नाही रे बाबा, छडी आहे. हो पुढे!"

एवढी पोरं माझ्यासमोरून गेली, पण धरणारीलाही गळा असतो, हे एकालाही सुचलं नाही. मलाही नाही.

बेटावर काम उरलं नाही, तशी घरं बंद होऊ लागली. रांग विहिरीवरून पायरीवर आली, पायरीवरून दारात. शेवटच्या सणाला एकटी पावित्सा उरली होती. तिचे आईवडीलही त्याच दिवशी सामान घेऊन शहराला निघाले होते. मी तिच्या गळ्याला लागले. तेवढ्यात सिस्टर खोकल्या. त्यांचा आवाज महिनाभर बसलेलाच होता.

"सिस्टर, तुमच्या गळ्याला कोण धरतं हो?"

"माझ्या? या कावळ्याच्या गळ्याला काय धाड भरलीय!"

"थट्टा नको. द्या इकडे, मी धरते."

तिने हात पुढे केले. सिस्टरांनी मला तिच्याकडे दिलंही असतं. पण खालून बोटीचा भोंगा झाला.

"पळ बाई, आई खोळंबली असेल. पुढच्या वर्षी धर."

"नक्की येणार. तोवर दुसऱ्या कुणाला धरू द्यायचं नाही!"

शाळा बंद झाली. सिस्टर किल्ल्या सांभाळत मागे राहिल्या. गळ्यात गाठ निघाली, आवाज गेला. तरी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रोजची माळ त्या नुसते ओठ हलवून जपायच्या. सण जवळ आला तसं मला पुसून वेदीवर ठेवलं, नव्या मेणबत्त्या बसवल्या.

सणाच्या सकाळी उत्तरेचा वारा सुटला. बोट आली नाही. सिस्टर खिडकीशी बसून राहिल्या. संध्याकाळी त्यांनी मला उचलून स्वतःच्याच गळ्याशी नेलं. पण तो आशीर्वाद दुसऱ्याच्या तोंडून यावा लागतो, आणि त्यांच्या तोंडून तर आता काहीच येत नव्हतं. त्यांनी मला पुन्हा वेदीवर ठेवलं.

वारा पडून पावित्सा पोचली, तोवर सिस्टर गेल्या होत्या. तिने मला त्यांच्या थंड गळ्याशी धरलं. तोंड उघडलं. शब्द फुटला नाही.

आता मी कपाटात आहे. शाळेत कुणी येत नाही. येईल असंही वाटत नाही.

मित्रांनो, मला कुणी पुसलं नाही तरी चालेल, मी लाकूड आहे. पण तुमच्या गळ्याची काळजी वाहणारं एखादं माणूस असेल, तर आपली पाळी झाल्यावर क्षणभर मागे वळा. बोट चुकली तर चुकू द्या.