धडा देईन, पुस्तक नाही

“खरं काय ते सांगून टाका, बाई,” प्राचार्य म्हणाले. टेबलावर परवानगीशिवाय पुस्तक छापल्याचा आरोप करणारं प्रकाशकाच्या वकिलाचं पत्र होतं आणि शेजारी इतिहासाच्या वर्गाला वाटलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा.

झेरॉक्सबाईच्या तोंडचं पाणी पळालं. सगळं कॉलेज तिला याच नावानं ओळखत असे. जिन्याखालच्या खोलीत एकोणीस वर्षं ती शिक्षक सांगतील ती पानं काढून देत आली होती. आता सुक्याबरोबर ओलंही जळणार, अशी तिची खात्रीच झाली.

कायदा शिकवणाऱ्या मॅडम गठ्ठा चाळत होत्या. “हे काढायला कोणी सांगितलं?”

“इतिहासाच्या सरांनी. चिठ्ठी आहे ना माझ्याकडे.” तिनं फाईल पुढे केली. प्रत्येक चिठ्ठीवर वर्ग, पुस्तकाचं नाव, पानं आणि शिक्षकाची सही.

मॅडमनी बोट ठेवून वाचलं. “तीनशे पानांतली बावीस. प्रती वर्गापुरत्याच. शिकवायला लागेल तेवढंच घेतलंय, सर. कायद्यात याला मुभा आहे. अख्खं पुस्तक छापून विकलं असतं, तर गोष्ट वेगळी. उत्तर मी लिहिते.”

प्राचार्यांचा जीव भांड्यात पडला. बाई मात्र जागची हलली नाही.

“अजून काही आहे का?” मॅडमनी विचारलं.

गप्प बसली असती, तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण तीन वर्षं मनात दडपलेलं आज ओठांवर आलंच.

“अख्खं पुस्तकही काढलंय मी. एकदाच. त्याची चिठ्ठी नाही.”

प्राचार्य ताठ बसले.

“एका मुलीला फार कमी दिसायचं. पान नाकाला लावून वाचायची बिचारी. मोठ्या अक्षरातलं कुठं मिळेना. मग मीच एकेक पान मोठं करून दिलं. चार दिवस लागले. चूक माझी आहे, तिला काही विचारू नका.”

मॅडम एकदम हसल्या. “अहो बाई, ज्याला साधी छपाई वाचता येत नाही, त्याच्यासाठी अख्खं पुस्तक काढायची सोय कायद्यानंच केलीय!”

“म्हणजे... चोरी नाही ती?”

“चोरी कसली! असं कोणी पुन्हा आलं, तर पुन्हा काढून द्या.”

बाहेर पडून बाई पहिल्याच पायरीवर बसली. रडू येतंय की हसू, तिचं तिलाच कळेना. नाक शिंकरून, चेहरा पुसून ती खाली आली, तेव्हा खिडकीशी रांग लागली होती. अर्थशास्त्राच्या सरांनी रांग मोडून एक जाडजूड पुस्तक आत सरकवलं.

“सगळं काढा हो, पटकन.”

“कोणता धडा शिकवताय, सर? तेवढा देते. सगळं नाही.”

“आता हे काय नवीन?”

“कायदा आहे,” बाई म्हणाली. तिनं पुस्तक अदबीनं परत केलं आणि रांगेतल्या पहिल्या मुलीकडे हात पुढे केला.