दुपारची गाडी रद्द

रेल्वेच्या कचेरीत त्यांना सगळे मिनिटराव म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते कुणालाच सांगता येत नसे, पण ते असं काही चिकटलं होतं की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं की नवा कारकून मान वर करून बघे, हा कोण आणखी एक आला.

मिनिटराव गाड्यांचं वेळापत्रक आखत. स्टेशनात भिंतीवर टांगलेलं, ज्याच्याकडे बघून लोक सुस्कारे सोडतात, ते नव्हे. ते त्यांच्या लेखी नुसती लग्नपत्रिका. लग्नघरातली खरी धावपळ आतल्या वेळापत्रकात असते. कुठली गाडी बाजूला उभी करायची, कुणी कुणाला पुढे जाऊ द्यायचं, रिकामे डबे धुवायला कधी न्यायचे, ड्रायव्हरने दोन घास कधी खायचे, सगळं त्यात. ते वेळापत्रक मिनिटरावांच्या टेबलावर तयार होई आणि त्यात एका मिनिटाचीही खोट निघत नसे. खोट निघे ती माणसांत, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांनी स्वतः लग्न केलं नव्हतं. एक मुलगी पसंत होती, पण ठरलेल्या भेटीला ती उशिरा आली, तोवर हे आपला चहा पिऊन घरी परतले होते. हा किस्सा त्यांची थोरली बहीण, अक्का, आल्यागेल्याला सांगे. अक्काचे यजमान फार लवकर गेले आणि तेव्हापासून बहीणभाऊ एकाच घरात राहत होते. कचेरीतले मिनिटराव घराचा उंबरा ओलांडला की ‘धाकट्या’ होत, आणि त्यावर अपील नव्हतं.

त्या वर्षी रेल्वेत माणसांचा दुष्काळ पडला. एकाच भरतीत लागलेले ड्रायव्हर आणि गार्ड एकदमच निवृत्त झाले आणि नवे अजून शिकत होते. रोज ऐनवेळी कुठली तरी गाडी रद्द होई आणि लोक स्टेशनमास्तरच्या अंगावर धावून जात. शेवटी कचेरीच्या मोठ्या बाईंनी मिनिटरावांना बोलावलं.

“रोज थोडी थोडी अब्रू घालवण्यापेक्षा एकदाच वाईटपणा घेऊ,” त्या म्हणाल्या. “जेवढी माणसं आहेत तेवढ्याच गाड्या ठेवा. पण ठेवाल त्या धावल्या पाहिजेत.”

मिनिटरावांना ही पडत्या फळाची आज्ञाच वाटली. त्यांनी माणूस पाठवून गाड्यागाड्यांतली डोकी मोजून घेतली. डोंगराकडे जाणाऱ्या फाट्यावर दुपारची एक गाडी होती. तीत माणूस गेला तेव्हा एक कोंबडीवाला आणि दोन झोपलेले गृहस्थ सापडले. त्यातला एक तर उतरायचं स्टेशन मागे टाकून आलेला. मिनिटरावांनी त्या गाडीवर लाल पेन्सिल फिरवली आणि हलक्या मनाने घरी गेले.

“डोंगराकडची दुपारची गाडी बंद केली,” जेवताना त्यांनी सांगितलं. “रिकामीच पळत होती.”

अक्काचा वाढायचा हात जरासा थांबला. “रिकामी?”

“जवळजवळ.”

“असं,” अक्का म्हणाली आणि भांडं आत घेऊन गेली.

पुढच्या मंगळवारी मिनिटराव कचेरीतून आले तर दाराला कुलूप. आत झाकून ठेवलेलं गार जेवण. अक्का उजेड मावळताना आली.

“कुठे होतीस?”

“डोंगराच्या गावाला.”

“दिवसभर?”

“सकाळच्या गाडीने गेले, संध्याकाळच्या गाडीने आले. मधे गाडी नाही ना.” हे ती इतक्या सरळ आवाजात म्हणाली की चिडावं कशावर तेच मिनिटरावांना कळेना.

गुरुवारी पुन्हा तेच. पुढच्या मंगळवारी त्यांनी स्वतःच चुलीशी झटापट केली. भात खाली करपला, वर कच्चा राहिला, आणि मधे कुठेतरी चमचाभर खाण्याजोगा असावा, पण तो काही त्यांना सापडला नाही. गाडी बंद केली लोकांची आणि उपास घडला आपल्याला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करायची?

मग त्यांच्या ध्यानात दुसरीच गोष्ट आली. अक्का त्या गावाहून यायची तेव्हा तिचे डोळे लाल असत. पिशवीला इस्पितळासारखा औषधी वास येई. आणि पूर्वी दुपारच्या गाडीने जाऊन ती त्यांच्या आधी घरी परतत असणार, म्हणजे हे कधीपासूनचं आहे कोण जाणे. अक्काला काहीतरी झालंय आणि ती मूग गिळून बसली आहे. विचारावं तर सांगायची नाही. न विचारावं तर जेवण घशाखाली उतरत नाही. (तसं ते जेवणही उतरण्यासारखं नव्हतं.) दोनदा ते तिच्या खोलीच्या दाराशी गेले आणि दोन्ही वेळा “दिवा बंद केलास का” एवढंच विचारून परत फिरले.

अशातच मोठ्या बाईंचा निरोप आला. दुपारच्या गाडीचे प्रवासी तक्रार घेऊन येताहेत, त्यांना तुम्हीच भेटा. मिनिटरावांनी मोजणीचे आकडे समोर मांडले, चष्मा पुसला आणि कोंबडीवाल्याची वाट बघत बसले.

दार उघडून पाच बायका आत आल्या. एक धिप्पाड सुईण, एक निवृत्त शाळामास्तरीण, बटणांच्या दुकानाची मालकीण आणि तिची जाऊ. सर्वांच्या पुढे, ठेवणीतले कपडे घालून, अक्का.

“नमस्कार साहेब,” अक्का म्हणाली.

मिनिटराव अर्धवट उठले. “अक्का, तू इथे...”

“बसा ना साहेब,” अक्का म्हणाली, आणि स्वतःच्या कचेरीत, स्वतःच्या खुर्चीवर मिनिटराव परवानगी मिळाल्यासारखे बसले.

बोलायला सुरुवात सुईणीने केली. आयुष्यभर लोकांना ‘घाबरू नका’ सांगून तिचा आवाज भरदार झाला होता. “त्या गावात पोहण्याचा तलाव आहे. बायकांची वेळ मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी. मी शिकवते. माझ्याकडे वीसेक जणी येतात, सगळ्या याच गाडीने. तुमचा माणूस मोजायला आला सोमवारी. सोमवारी तलाव धुतात.”

“पोहायला?” मिनिटराव म्हणाले. त्यांच्या छातीवरचं ओझं असं झटकन उतरलं की हसावं की रडावं कळेना. लाल डोळे, औषधाचा वास, सगळं तलावाच्या औषध घातलेल्या पाण्याचं. “म्हणजे अक्का पोहते?”

“तरंगते,” सुईण म्हणाली. “पोहणं यायच्या बेतात होतं. तेवढ्यात गाडी गेली.”

अक्का टेबलावरच्या शाईच्या दौतीकडे बघत होती. मिनिटरावांना एकदम लहानपणचं तळं आठवलं. ते पाय घसरून आत पडले होते आणि काठावर उभी राहून अक्का किंचाळत होती. कुणा वाटसरूने उडी टाकून त्यांना बाहेर काढलं. त्यानंतर अक्का कधी गुडघाभर पाण्यातही उतरली नाही. आणि आता, या वयात.

त्यांनी घसा साफ केला. “मोजणी चुकली, हे मला मान्य आहे. पण माझी अडचण खोटी नाही. गाडीला माणूस लागतो आणि माणूस नाही.”

“तरी दुपारी रिकामे डबे जातातच की त्या गावाला,” बटणवाली म्हणाली. “माझ्या दुकानासमोरून जातात. आम्ही बघत बसतो.”

हे खरं होतं. डबे तिथे धुवायला जात आणि परत येत. ही फेरी भिंतीवरच्या वेळापत्रकात नव्हती, आतल्यात होती, मिनिटरावांनीच घातलेली.

“ड्रायव्हर त्याला आहे,” ते म्हणाले. “पण आत प्रवासी बसवायचे तर मागे गार्ड हवा. रिकाम्या डब्यांना चालतं, माणसांना नाही. तो नियम आहे आणि नियम बरोबर आहे. गार्ड कुठून आणू?”

मग अक्काने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“साहेब, तुम्ही पूर्वी गार्ड होतात असं ऐकलंय.”

“कुणाकडून ऐकलंस?”

“घरात बोलणं निघालं होतं.”

दाराशी कुणीतरी खोकलं. मोठ्या बाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या देव जाणे. “कचेरीतल्या जुन्या गार्डांनी आठवड्यातून दोन दिवस गाडीवर जावं, असं परिपत्रक मी चारदा काढलं,” त्या म्हणाल्या. “मिनिटराव, तुम्हीच ते सगळ्यांना वाटलंत ना?”

वाटलं होतं. स्वतःला सोडून.

मग मिनिटराव पुन्हा शिकवणीला बसले. शिकवणारा त्यांच्याहून निम्म्या वयाचा होता आणि त्यांना ‘काका’ म्हणे. परीक्षा ते पास झाले. जुना गणवेश मात्र अंगाला झाला नाही. अक्काने कमरेची शिवण उसवून जेवढं कापड होतं तेवढं सोडलं. “एवढ्यात मावायचं,” ती म्हणाली. “यापुढे कापडाचाही तुटवडा आहे.”

पहिल्या मंगळवारी गाडी खच्चून भरली. अक्का खिडकीशी बसली होती. मिनिटरावांनी घड्याळ बघितलं, सुटायची वेळ झाली, हिरवा झेंडा उचलला. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला बटणवाली दिसली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तुटलेली चप्पल, आणि अंगात होतं नव्हतं ते बळ एकवटून धावत येणारी.

गाडी आपल्या वेळेला सुटते, माणसाने आपल्या वेळेला यावं, हे वाक्य मिनिटराव उभा जन्म बोलत आले होते. ते आत्ताही त्यांच्या जिभेवर आलं. पण झेंडा खाली गेला. ते वाकले आणि बुटाची बांधलेली नाडी सोडून सावकाश पुन्हा बांधू लागले. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून बघत होता. नाडी बांधून झाली नाही तोच बटणवाली डब्यात चढली, आणि आतून वीस बायकांचं हसू ऐकू आलं.

उशीर झाला की गार्डाने कारण लिहून द्यायचं असतं, आणि अशी कारणं मिनिटरावांच्याच टेबलावर येत. आजवर त्यांनी कितीतरी गार्डांची कारणं ‘पटत नाही’ असं लिहून परत धाडली होती. बुधवारी स्वतःचा कागद त्यांच्यापुढे आला. ‘गार्डच्या बुटाची नाडी सुटली.’ त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि खाली लिहिलं, ‘कारण योग्य.’ त्या दिवसापासून दुसऱ्यांची कारणंही त्यांना जरा जास्त पटू लागली, असं कचेरीत बोलत.

डोंगराच्या गावी तलाव स्टेशनला लागूनच होता. बायकांची वेळ, त्यामुळे मिनिटराव भिंतीबाहेर बाकावर बसत. आतून सुईणीचा आवाज येई, “पाय मार, पाय. हात नंतर बघू.”

एकदा परतीच्या वाटेवर, मधल्या स्टेशनात समोरच्या गाडीची वाट बघत गाडी उभी असताना, ते अक्काच्या खिडकीशी गेले.

“मला आधीच का नाही सांगितलंस?”

“तू घड्याळ लावून बसला असतास.”

त्यांनी खिडकीच्या गजाला हात टेकून विचारलं, “तळ्यात पडलो होतो, त्यामुळे का हे?”

“तुला आठवतं?”

“चिखलाची चव आठवते.”

“मला काठ आठवतो,” अक्का म्हणाली. मग तिने पिशवीतून पाव काढला, अर्धा मोडून त्यांच्या हातात दिला. “खा. आणि गाडीकडे लक्ष दे.”

डोंगरावरची झाडं पानं गाळून पुन्हा हिरवी झाली. नवे गार्ड शिकून बाहेर पडले आणि दुपारची गाडी भिंतीवरच्या वेळापत्रकात परत आली. मिनिटरावांचा गाडीवरचा शेवटचा गुरुवार होता. ते बाकावर बसले होते. आत एकदम सगळं शांत झालं, सुईणीचासुद्धा आवाज बंद. मिनिटराव उठून उभे राहिले. भिंतीकडे तोंड करून, जणू पलीकडचं दिसणार होतं.

मग सुईण ओरडली, “अक्का टेकली हो साहेब. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मधे उभी नाही राहिली.”

टाळ्या वाजवाव्या तर एकट्याच्या वाजवायच्या. काय करावं न सुचून मिनिटरावांनी खिशातली शिट्टी काढली आणि गाल फुगवून जीव तोडून फुंकली. तिकडे फलाटावर ड्रायव्हर चहा पीत होता. शिट्टी ऐकताच कप बाकावर आपटून तो धावत इंजिनात चढला, आणि मिनिटरावांना हात हलवत त्याच्यामागे पळावं लागलं.

ओल्या केसांनी अक्का स्टेशनात आली तेव्हा ते अजून धापा टाकत होते.

“पोहले मी, आणि दम तुला लागला?” अक्का म्हणाली. “चल, गाडीत बस.”