ओपलचं वजन

मी वजनकाटा बोलतोय. बॅटरीवर चालणारा तो चपटा, काचेचा काटा नव्हे. त्या जातीशी माझा काही संबंध नाही. माझं तोंड घड्याळासारखं गोल आहे, पोटात स्प्रिंग आहे आणि डोक्यावर पत्र्याचं पसरट ताट आहे. पंचवीस पौंडांपर्यंत काहीही ठेवा, मी खरं तेच सांगतो, मग ते कुणाला आवडो न आवडो. आजवर या गोष्टीचा मला फार तोरा होता. हल्ली मात्र मला सकाळ नकोशी वाटते.

माझं तरुणपण मिनेसोटातल्या एका शेतावर गेलं. ऑर्विल ट्वेटच्या आईचं ते घर. दर ऑक्टोबरात तिथे अंगणातल्या ओंडक्यावर कुऱ्हाड चालायची, हंड्यात पाणी उकळायचं, छोटा ऑर्विल आणि त्याची थोरली बहीण आर्डिस बसून पिसं उपटायची आणि सोललेल्या कोंबड्या एकेक करून माझ्या ताटात यायच्या. अशा शेकडो कोंबड्या मी तोलल्या असतील. त्यातल्या एकीनेही मान वळवून माझ्याकडे पाहिलं नाही. पाहणार कशी? मान नसायचीच.

पुढे ऑर्विलचं लग्न झालं, तो गावात राहायला गेला आणि शाळेची बस चालवू लागला. त्याचा मुलगा कर्ट सात आठवडे आधीच जन्मला. भर जानेवारीत, बाहेर कमरेएवढा बर्फ. बाळाला इस्पितळातून घरी आणलं तेव्हा ते जेमतेम पाच पौंडांचं होतं. नर्सने सांगितलं होतं, रोज वजन करा. वेळ तीच, काटा तोच. म्हणून आजीने मला नातवासाठी धाडलं. सुनेने, म्हणजे मार्लिसने, मला आधी तीनदा उकळत्या पाण्याने घासलं. मग ताटात मऊ फडकं अंथरलं आणि श्वास रोखून बाळाला वर ठेवलं.

तीन महिने रोज सकाळी आठ वाजता हेच. सुई एक रेघ पुढे सरकली की मार्लिस ऑर्विलला हाका मारमारून बोलवायची. एकदा तर तिने माझ्या काचेचा चक्क मुका घेतला. तो कर्ट आता अलास्कात असतो. असा धिप्पाड झालाय की त्याने माझ्यावर नुसता पाय ठेवला तरी मी आटोपलो. पण मार्लिसच्या मनात तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली. सुई पुढे गेली की सगळं ठीक.

नंतरची कितीतरी वर्षं मी कपाटात काढली. नाताळात पीठ, उन्हाळ्यात जॅमसाठी स्ट्रॉबेरी, एवढंच काम.

मग ऑर्विल निवृत्त झाला. चाळीस वर्षं पाठीमागे पोरांचा कालवा ऐकलेल्या माणसाला शांत घर सोसेना. वसंतात त्याने चार पिल्लं आणली आणि मागच्या अंगणात खुराडं बांधलं. तिघी नुसत्या कोंबड्याच निघाल्या. चौथी ओपल. रंग मधासारखा, अंगाने गुबगुबीत, आणि ऑर्विलच्या बुटावर बसल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तो गॅरेजमध्ये गेला की ही मागे, तो टपाल आणायला गेला की ही मागे. मार्लिस खिडकीतून ओरडायची, "अरे, तुझी मैत्रीण उभी आहे बघ दाराशी. मला नाही कधी एवढी वाट बघता आली तुझी!"

या मार्चमध्ये ओपल अंडी घालेनाशी झाली. तासन्‌तास खोक्यात बसायची, जोर करायची आणि हाती काहीच लागायचं नाही. कधी कवचाविना नुसतं लिबलिबीत काहीतरी पडायचं. मग ती ताठ उभी राहायला लागली, शेपूट खाली, छाती वर. मार्लिसने तिला कपडे धुण्याच्या खोलीत आणून ठेवलं आणि कपाट उघडलं.

"आजाऱ्याचं वजन रोज बघायचं असतं," ती म्हणाली आणि फडकं अंथरलं.

पिसांसकट माझ्यावर बसलेली ही पहिलीच कोंबडी. तिचं ऊबदार पोट ताटाला टेकलं, आत काळीज धडधडत होतं आणि तिच्या श्वासागणिक माझी सुई हलत होती. तिने मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. मला ऑक्टोबरचे ते सगळे दिवस आठवले आणि मी ओशाळलो.

साडेसहा पौंड. मार्लिसने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं. रोज ओटची लापशी, वर ब्लूबेरी, शिवाय उकडलेल्या अंड्याचा चुरा. तीन दिवसांनी सहा पौंड चौदा औंस, म्हणजे साताला दोनच औंस कमी. आठवड्याने सव्वासात.

"लागतंय अंगाला!" मार्लिस हरखून म्हणाली. "ऑर्विल, ये, बघ तरी! म्हटलं नव्हतं मी?"

ऑर्विलने सुईकडे पाहिलं आणि इतका मोकळा श्वास सोडला की फडक्याची कड उडाली. त्या दिवशी दोघांनी कॉफीबरोबर लेफ्सं, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, खाल्लं, लोणी आणि साखर पसरून.

मला मात्र चैन नव्हतं. ओपल ताटात बसली की आधी तिचं पोट टेकायचं आणि मग आतलं काहीतरी मागाहून डचमळत येऊन टेकायचं. पिठाच्या पिशवीचं असं होत नाही. बाळाचंही कधी झालं नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे बाबांनो, हे मांस नव्हे! पण मला फक्त 'किती' सांगता येतं. 'काय' ते सांगायला मला वाचा नाही. त्या दोघांच्या आनंदाला मीच खतपाणी घालत होतो, तेही खरं बोलून.

गुरुवारी आर्डिस कॉफीला आली. आता ऐंशीची आहे, पण जिभेची धार तशीच.

"घरात कोंबडी!" ती दारातूनच म्हणाली. "आई वर बसून कपाळाला हात लावत असेल. ऑर्विल, तू दहा वर्षांचा होतास तेव्हा एका सकाळीत वीस सोलायचास."

"हळू बोल. तिला ऐकू येतं," ऑर्विल म्हणाला.

"मग तिला सांग, माझ्याकडे छान भांडं आहे म्हणून."

"आर्डिस, चेष्टा पुरे," मार्लिस म्हणाली. "उलट बघ, सव्वा पौंड वाढलीये."

आर्डिसने कप खाली ठेवला, ओपलला काखेत घेतलं आणि छातीखाली बोटं फिरवली. ती बोटं मला माहीत आहेत. त्यांना कोंबडीतलं सगळं कळतं. तिचा चेहरा उतरला.

"मार्लिस, इथे हात लाव. छातीचं हाड सुरीसारखं लागतंय. मांस कुठाय हिच्या अंगावर? आणि आता इथे, पोटाला. लागलं? पाण्याचा फुगा आहे हा. ही जाड होत नाहीये गं. ही आतून भरत चाललीये."

मार्लिसने हात लावला आणि तसाच ठेवला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांत तिने माझ्याकडे कधी असं पाहिलं नव्हतं.

"आठवडाभर मी हसत होते," ती म्हणाली.

आर्डिस नेहमीसारखं काही टोचून बोलेल असं मला वाटलं. तिने मार्लिसच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जा आता. गावातल्या डॉक्टरकडे नको, तो फक्त गायी बघतो. शहरात जा. मी दाराला कुलूप लावते."

दीड तासाचा रस्ता. ओपल टोपलीत, टोपली मार्लिसच्या मांडीवर आणि मी तिच्या पायाशी. डॉक्टर म्हणजे डॉ. व्हांग, शांत चेहऱ्याची, चाळिशीची बाई. त्यांनी मला बघून भुवया उंचावल्या. "काटा आहे आमच्याकडे."

"असेल. पण काटा तोच हवा," मार्लिस म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी मला मुकाट्याने टेबलावर जागा दिली.

ओपल तेव्हा पावणेआठ पौंड होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटातून पाणी काढलं. पिवळसर, गढूळ, एक भांडं भरलं, दुसरं अर्धं भरलं. ओपलने चोच मिटली आणि कितीतरी दिवसांनी नीट श्वास घेतला. परत माझ्यावर ठेवली तर सव्वासहा. सुई एवढी मागे गेलेली बघून मार्लिसच्या तोंडून "अगं बाई" निघालं.

"आता सगळं उलटं," डॉ. व्हांग म्हणाल्या. "सुई खाली राहिली तर हसायचं. वर गेली तर काळजी." मग त्यांनी समजावून सांगितलं. बलक आपल्या वाटेने न जाता आतच पोटात पडतोय, त्याने आत सूज आलीये आणि मागे बहुतेक गाठ आहे. शस्त्रक्रिया तिला झेपणार नाही. औषध द्या, उजेड कमी ठेवा म्हणजे अंडी धरणार नाही. "पाणी परत भरेल. उशिरा भरलं तर मी पुन्हा काढीन. पण दोन आठवड्यांच्या आत ती आठ पौंडांवर गेली, तर पुन्हा टोचून छळायचं नाही. मला फोन करा. मी घरी येईन. तिला त्रास न होता निजवीन."

ऑर्विल टोपी हातात फिरवत होता. "आणि पंधराव्या दिवशी गेली तर?"

"तर पंधराव्या दिवशी बघू."

"म्हणजे पुन्हा काढाल पाणी?"

"ऑर्विल," मार्लिस म्हणाली.

मंडळी, तुम्ही कधी चौदा दिवस एका रेघेकडे बघत बसला आहात? माझ्या तोंडावर आठाचा आकडा आहे, लाल नाही, मोठा नाही, इतरांसारखाच साधा. पण त्या घरात दुसरा आकडाच उरला नाही. रोज दुपारी चारलाच ऑर्विल खोलीचे पडदे ओढून टोपलीवर गोधडी टाकायचा, आणि बाहेर लख्ख ऊन असताना स्वतःही आत अंधारात खुर्ची टाकून बसायचा. सकाळी वजनाआधी तो तिला अंगणात फिरवून आणायचा, पोट साफ होऊ दे म्हणून. तिच्या पायातलं कडं काढायचा. फडक्याच्या जागी कागदी रुमाल आला, तो हलका म्हणून.

सहाव्या दिवशी मी सात पौंड दोन औंस सांगितलं तर त्याने माझ्यावरच संशय घेतला! फ्रिजमधून लोण्याचं एक पौंडाचं खोकं आणून माझ्यावर ठेवलं. मी सांगितलं, एक पौंड. त्याने उचलून परत ठेवलं. एक पौंड.

"लोणी बरोबर आहे," तो पुटपुटला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मला त्याचा राग आला नाही. त्या घडीला मी खोटा निघालो असतो तर मलाही बरं वाटलं असतं.

आठव्या दिवशी साडेसात. नवव्या दिवशी ओपल माझ्यावर बसली, सुई निघाली आणि मध्येच अडली. ताटाच्या मागच्या कडेखाली काहीतरी होतं. ऑर्विलचा अंगठा. तो हळूच ताट वर उचलून धरत होता, आणि चेहरा कसा, तर चर्चमध्ये बसल्यासारखा.

"साडेसात," मार्लिस वाकून म्हणाली. "कालच्याएवढंच." तिने तसं लिहिलं.

दहाव्या दिवशीही साडेसात. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं बोललो, आणि सांगायला लाज वाटते, मला ते आवडलं. वाटलं, असंच चालू दे. अंगठा असाच राहू दे, जून येऊ दे.

आज अकरावा दिवस आहे. आज ओपल चोच उघडी ठेवून श्वास घेतेय. तिचा लालबुंद तुरा जांभळट पडलाय. ऑर्विलने तिला ताटात ठेवलं आणि अंगठा त्याच जागी गेला. मार्लिसने एप्रनच्या खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"ऑर्विल, अंगठा काढ."

अंगठा तिथेच ठेवून तो म्हणाला, "कधीपासून माहितीये तुला?"

"पहिल्या दिवसापासून. मी चष्मा मुद्दाम घालत नव्हते."

मग तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. ओढला नाही, नुसता ठेवला. "तिला धाप लागलीये रे. आपण आपल्यासाठी चालवलंय हे."

ऑर्विलने अंगठा काढला. मी आठ पौंड तीन औंस सांगितलं. मला सांगावंच लागलं.

मार्लिस फोनकडे गेली आहे. नंबर लावताना एकदा चुकली, आता पुन्हा लावतेय. पलीकडे घंटी वाजतेय ती मला इथे ओट्यावर ऐकू येतेय. ओपलला टोपलीत ठेवायचं कुणाला सुचलेलं नाही. ती माझ्यावरच बसली आहे, ऑर्विलचा तळवा तिच्या पाठीवर आहे आणि त्याच्या भाराने सुई भलतीकडेच गेली आहे. आता ती कुणी वाचत नाही.

डॉक्टरीणबाई, तुम्ही याल, यायलाच हवं. पण फोन उचलायला थोडा वेळ घ्या. माझी स्प्रिंग जुनी असली तरी हिचा मला काही भार होत नाही.