सीडी राइट होताना कोणी हलायचं नाही

आमच्या घरी सीडी राइट होत असताना चालायला बंदी होती. बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. धक्का लागला की काम बिघडतं, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. ट्रे आत गेला की ते हात वर करायचे, आणि आम्ही दोघी बहिणी असू तिथे थांबायचो.

त्या दिवशी चार वाजता ताईची टॅक्सी येणार होती. ती कायमची परदेशी चालली होती आणि तिला आईचा आवाज सोबत हवा होता. आई शिक्षिका. एका अंध विद्यार्थिनीसाठी तिने भूगोलाचे धडे कॅसेटवर वाचून ठेवले होते. आई गेल्यावर त्या मुलीने कॅसेट परत आणून दिली आणि बाबांनी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली.

सकाळपासून तीन सीड्या बाद झाल्या होत्या. उरली एक. दुकानं बंद.

"मघाशी कोण चाललं?" बाबांनी विचारलं.

"मी नाही हं. मी श्वासही जपून घेतला," ताई म्हणाली. "शास्त्रज्ञबाईंना विचारा. त्यांचे पाय बघा केवढे."

शास्त्रज्ञबाई म्हणजे मी. तेव्हा भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, एवढं मला येत होतं.

"बाबा, मला बसू द्या."

राइट करण्याच्या प्रोग्रॅममध्ये रंगीत तालमीची सोय होती: सगळं खऱ्यासारखं, फक्त लेझर बंद. मी तालीम लावली. माउसचा बाण अडखळायला लागला. दुसरं काही चालू नव्हतं, तरी प्रोसेसरवरचा भार शंभर टक्के. म्हणजे सीडीला होणारा पुरवठा मध्येच तुटत होता, आणि तुटला की सीडी वाया. अँटिव्हायरस बंद करून पाहिला. भाराचा आलेख तसाच.

मग सीडी ड्राइव्हची सेटिंग्ज उघडली. वाचताना वारंवार चुका झाल्या की कॉम्प्युटर ड्राइव्हला आपणहून सावकाश पद्धतीवर टाकायचा. मग एकेक बाइट प्रोसेसरला स्वतः वाहावा लागायचा. आमचा ड्राइव्ह तसाच अडकला होता.

चुका कुठून आल्या तेही मला कळलं. आठवडाभर बाबा ओरखडे पडलेली एक सीडी पुन्हापुन्हा आत घालत होते. कुठलाही काटा कधी ना कधी हलतोच, या हिशेबाने. तिच्यात आईचे फोटो होते.

मी ड्राइव्हची नोंद काढून टाकली, म्हणजे कॉम्प्युटर जुन्या चुका विसरेल, तो पुन्हा सुरू केला, पुन्हा तालीम लावली. भार सहा टक्के. घड्याळात तीन वीस.

"आता खरी," मी म्हणाले.

बाबांनी हात वर केला. ताई अर्धवट बांधलेल्या बॅगेवर वाकून तशीच राहिली. आता धावलो असतो तरी चाललं असतं, हे मला माहीत होतं. मी एक पाऊल उचललेलं होतं, ते टेकवलं नाही.

ट्रे बाहेर आला. ताईने सीडी लगेच लावून पाहिली. आई नद्यांविषयी वाचत होती. मध्येच थांबून तिने आत हाक मारली, "ताई, गॅस बंद कर गं!"

"केला," ताई म्हणाली.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "बघा. कोणी हललं नाही, म्हणून."

"हो, बाबा," मी म्हणाले.