उजव्या हाताचा घास

"आऽ कर," म्हणत मोहनबाईंनी मुगाच्या डाळीत बुडवलेला फुलक्याचा तुकडा हर्षाच्या तोंडात घातला आणि मागच्या दाराबाहेर पाहिलं. समोरच्या गोदामाच्या पत्र्यावर अजून बोटभर ऊन होतं. ते उतरलं की सूर्य गेला, आणि सूर्य गेला की त्या घरात पाण्याचा थेंबही कुणी तोंडात घेत नसे. मंचरच्या पेठेत भुसार दुकान चालवणारे त्यांचे यजमान रमणलाल, त्यांच्या जैन घरची ही रीत. मोहनबाईंनी लग्न होऊन आल्यापासून ती कधी मोडली नव्हती, आणि पाच वर्षांच्या नातीलाही हेच वळण लागावं असा त्यांचा हट्ट होता.

हर्षाचा डावा हात कोपरापर्यंत निळ्या कापडी पिशवीत बंद होता. उजवा मूठ आवळून छातीशी. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि तिची उजवी बाजू दुबळी राहिली. डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणत. पोरगी सगळं डाव्या हातानं करी. दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर पुण्याहून शीला मॅडम संशोधनासाठी येऊ लागल्या. चांगला हात रोज थोडा वेळ बांधून ठेवला तर दुबळ्या हाताला कामाला लागावंच लागेल, असा त्यांचा कयास होता. तो खरा की खोटा हे पाहायला त्यांनी जुन्नर-आंबेगावातली मुलं जमवली आणि चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्यांना पिशवी, निम्म्यांना नेहमीचा व्यायाम. हर्षाला पिशवी निघाली त्या दिवशी मोहनबाईंनी गल्लीभर साखर वाटली.

संध्याकाळचं जेवण पिशवी घालूनच, असं मॅडमनी बजावलं होतं. मोहनबाई शब्दाच्या पक्क्या. एक दिवस पिशवी चुकली नाही. फक्त एवढंच, की उजव्या हातानं तुकडा उचलायचा, तो पडायचा, पुन्हा उचलायचा, आणि तोवर सूर्य काही कुणासाठी थांबत नसे. म्हणून घास त्या भरवत.

मधली तपासणी शाळेच्या एका वर्गात झाली. लाकडी ठोकळे एका खोक्यातून उचलून दुसऱ्या खोक्यात टाकायचे. पाहणाऱ्या तपासनिसाला कुणाला पिशवी आहे आणि कुणाला नाही हे मुद्दामच सांगितलेलं नव्हतं. अवसरी बुद्रुकच्या ठकूबाईंची नात श्रेया, तीही पिशवीवालीच, ठोकळे अक्षरशः भिरकावत होती. हर्षाचा हात खोक्याच्या काठाशी गेला आणि तिथेच राहिला. काही मुलांना या उपायाचा गुण येत नाही, आणि तेही लिहून ठेवावं लागतं, असं शीला मॅडम नंतर हळूच म्हणाल्या.

बाहेर पायरीवर ठकूबाई बसल्या होत्या. मोहनबाईंनी न राहवून विचारलं, पोरगी जेवते कशी?

"निम्मं सांडती," ठकूबाई म्हणाल्या. "कोंबड्यांची चंगळ."

"तुम्ही नाही भरवत?"

"आमी कवा भरवावं, शेठाणी? रानातून यायलाच दिवस मावळतो. मी चुलीपाशी, ती ताटापाशी. भूक लागली की उचलती हात."

मोहनबाई पदर खोचून पुन्हा वर्गात गेल्या.

"मॅडम, पिशवी मी एक दिवस सोडली नाही. पण भरवते मी. सूर्य जातो हो."

पिशवीबद्दल शीला मॅडमनी सतरा सूचना दिल्या होत्या, आजीच्या हाताबद्दल एकही नाही. रागावल्या मात्र नाहीत. झालं ते झालं तसंच लिहिलं जाईल, म्हणाल्या, आणि अजून निम्मे दिवस शिल्लक आहेत.

"तुमची रीत मोडा असं मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण जेवण सुरू कधी करायचं ते तर तुमच्या हातात आहे."

दुसऱ्या दिवसापासून ऊन अंगणभर असतानाच हर्षाचं ताट वाढलं जाऊ लागलं. हे दुपारचं जेवण की रात्रीचं, असं रमणलाल पुटपुटले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मोहनबाई स्वतःचे हात मांडीखाली दाबून समोर बसत. डाळ फरशीवर, फ्रॉकवर, केसांत. पोरगी रडायला लागली की त्या उठून स्वयंपाकघरात जात, कारण तिथे बसल्या असत्या तर भरवलंच असतं. आत उभ्या राहून त्याही रडत. तुकडा आधी हनुवटीपर्यंत पोचला, मग ओठांपर्यंत. एके दिवशी तो तोंडात गेला, आणि मोहनबाईंनी भर गिऱ्हाइकातून नवऱ्याला हाक मारून आत बोलावलं. रमणलाल पिठाच्या हातांनी आले आणि दुसरा घास जाईपर्यंत हलले नाहीत.

शेवटच्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी हर्षानं ऊन असतानाच जेवण उरकलं, सगळं आपल्या हातानं. मोहनबाईंनी पाणी पिऊन हात जोडले, सकाळपर्यंत अन्नपाण्याचा त्याग मनात घेतला, आणि ताट उचलायला वाकल्या. ताटात गूळ लावलेला एक तुकडा उरला होता. हर्षाची उजवी मूठ त्यावर मिटली. हात वर आला, कोपर थरथरलं, पण तो तिच्या तोंडाकडे गेला नाही.

"दादी, आऽ कर."

मोहनबाईंनी बाहेर पाहिलं. पत्र्यावर ऊन नव्हतं. उंबऱ्यात रमणलाल उभे होते, पंचांगातली सूर्यास्ताची वेळ मिनिटावर पाळणारे. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, मग त्या तुकड्याकडे. आणि मागचं दार लोटून घेतलं.

मोहनबाईंनी तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात हर्षाचे ठोकळे खोक्यात खडखडत पडू लागले. तपासनीस गंभीर चेहऱ्यानं मोजत होता. शीला मॅडमना बोलायची मुभा नव्हती, पण हसू काही त्यांना आवरेना. ठकूबाईंनी थर्मासमधला चहा पुढे केला, तेव्हा मोहनबाईंनी मान हलवली. आज उपास आहे, म्हणाल्या.

"आज कसला वो उपास?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मोहनबाई सकाळपासून वाट पाहत होत्या.

"काल दिवस मावळल्यावर खाल्लं मी," त्या म्हणाल्या, साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात. "नातीनं भरवलं."