चौथ्या स्लाइडवरचा व्हिडिओ

सहा मिनिटांच्या त्या व्हिडिओत चिमीने तीन आठवडे जीव ओतला होता. पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या कारखान्यात नवी प्रेस आली होती, आणि ती हातपाय सांभाळून कशी चालवायची हे कामगारांना शिकवायचं काम प्रशिक्षण विभागातल्या चिमीच्या गळ्यात पडलं होतं. आजवर ती फळ्यासमोर उभी राहून घसा कोरडा करायची. या वेळी म्हटलं, होऊन जाऊ दे! आकाशातून टिपलेलं कारखान्याचं छप्पर, धमधमणारं संगीत आणि त्यावर बाहेरून बोलावलेल्या निवेदकाचा भारदस्त आवाज. चौथ्या स्लाइडवर बटण दाबलं की व्हिडिओ सुरू, आणि चिमी बाजूच्या खुर्चीत आरामात. हौसेला मोल नसतं म्हणतात, तशातली गत.

व्हिडिओनंतर दहा प्रश्नांची लेखी चाचणी होती. पास व्हायला सात गुण हवेत. दोनदा नापास झाला त्याला प्रेसवरून काढून खोकी बांधायला बसवणार, असा मोठ्या साहेबांचा नियम होता.

मामाला चार गुण मिळाले.

हा मामा तसा सगळ्या कारखान्याचाच मामा, पण सख्खा मात्र चिमीचा. तिच्या आईच्या पाठचा भाऊ. तीस वर्षं प्रेसवर काढून दहाही बोटं शाबूत. त्या खात्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

"काय मामा, भाचीच्या वर्गात डुलकी?" रेडिओ ओरडला. रेडिओ म्हणजे शेजारच्या प्रेसवरचा गडी. एकदा सुरू झाला की त्याला बंद करायचं बटण नाही. सगळे हसले. मामाही हसला, पण जरा उशिराने.

चिमीच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. घरच्याच माणसाने असं चारचौघांत नाक कापावं? रविवारी दुपारी ती तणतणत मामाकडे गेली. मामीने दार उघडलं. आत मामा टीव्हीवर बातम्या बघत होता, आणि आवाज पूर्ण बंद. खालून सरकणाऱ्या ओळी तो एकाग्रतेने वाचत होता.

"आवाजाने डोकं उठतं म्हणे," मामी म्हणाली. "वर्ष झालं, असंच चाललंय."

चिमी मामाच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. "मामा, चहा घेणार?"

मामा बातम्या वाचत राहिला. तिने पुन्हा विचारलं, चांगलं मोठ्याने. चहाला मामा कधी नाही म्हणत नसे. मामीने तोंडावर हात ठेवला.

चिमीचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. ती पुढे येऊन त्याच्यासमोर बसली.

"मामा, तुला ऐकू येत नाही."

"कोण म्हणतं? आत्ता ऐकलं की."

"आत्ता तू माझ्या तोंडाकडे बघतोयस."

मामाने रिमोट दोन-तीनदा उलटासुलटा केला. मग म्हणाला, "प्रेसखात्यात कानाने कोण ऐकतं गं? त्या दणदणाटात सगळे एकमेकांच्या ओठांवरचं वाचतात. माझे कान कधी गेले, मलाच कळलं नाही. तू फळ्यापुढे उभी राहून शिकवायचीस तेव्हा मी कधी नापास झालो? आणि या तुझ्या पिक्चरमध्ये बोलणाऱ्याला तोंडच नाही! तू छप्पर दाखवतेस. छपराचे ओठ कसे वाचू मी?"

चिमीला एकदम हसू आलं आणि रडूही.

"पण धोक्याचा भोंगा वाजला तर?"

"भोंग्याबरोबर लाल दिवा लागतो. माझी एक नजर कायम त्या दिव्यावर. तुझ्या व्हिडिओत तो दिवाच नाही." मग त्याने तिचा हात धरला. "साहेबांना सांगू नकोस, चिमे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. खोकी बांधत बसणं नाही जमायचं मला."

"नाही सांगणार," असं ती म्हणून बसली आणि घरी जाताना पस्तावली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगावं तर मामाची प्रेस जाते, न सांगावं तर त्याच्या जिवाशी खेळ. पण व्हिडिओ तर आपल्या हातचा आहे, तो आधी सुधारू, असं तिने ठरवलं.

आधी संगीत गेलं. मग छप्पर गेलं, निवेदकही गेला. सहा मिनिटांतून जे उरलं त्याचे मिनिटा-मिनिटाचे तीन तुकडे झाले, आणि प्रत्येकाआधी 'आता काय बघायचं' हे सांगणारी एक ओळ. चिमी स्वतः प्रेसशेजारी चेहऱ्यावर उजेड घेऊन उभी राहिली. ती बोलेल ते खाली काळ्या पट्टीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत. घरी चष्मा विसरून येणारेही कमी नव्हते. त्यांच्यासाठी पडद्यावर दिसणारं सगळं ती तोंडाने सांगतही गेली. आणि भोंगा वाजला की पडदाभर लाल दिवा.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी नवा व्हिडिओ बघायला प्रेसखात्यातली सगळी बावीस माणसं बसली होती. मामा पहिल्या रांगेत होता. आयत्या वेळी मोठे साहेब येऊन शेवटच्या रांगेत बसले. पहिला तुकडा संपला तसे ते मागूनच म्हणाले, "मॅडम, ती खालची पट्टी काढा. मशीन झाकली जातेय. इथे ऐकू येत नाही असं आहे का कोणी? असेल त्याने हात वर करा."

चिमीने मामाकडे पाहिलं. खोलीत कोणी हललं नाही. मामा पडद्याकडे बघत पुढच्या तुकड्याची वाट बघत होता. मागून आलेलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

तेवढ्यात रेडिओचा हात वर गेला.

"डावा कान गेलाय साहेब. उजवा थोडा आहे. म्हणून तर मीच बोलत सुटतो, म्हणजे दुसऱ्याचं ऐकायची वेळ येत नाही."

या वेळी कोणी हसलं नाही. खिडकीजवळचा एक हात वर झाला. मग मधल्या रांगेतले दोन. ज्यांना नीट ऐकू आलं नव्हतं त्यांना शेजाऱ्याने ओठांनी सांगितलं. बघता बघता बारा हात झाले.

साहेब उठून उभे राहिले. हात मोजून झाल्यावर खुर्चीची पाठ धरून म्हणाले, "एवढ्यांना काढलं तर प्रेस काय मी चालवू? पट्टी राहू द्या. आणि दिवे प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर येतील असे बसवून घ्या. याच आठवड्यात."

मामाने आता कुठे मागे वळून पाहिलं. इतके हात कशासाठी वर आहेत ते त्याला कळेना. त्याने चिमीकडे बघितलं. तिने वचन दिलं होतं, आणि ते तिला मोडायचं नव्हतं. साहेबांचा प्रश्नच तिने आवाज न काढता, नुसत्या ओठांनी त्याला सांगितला: ज्याला ऐकू येत नाही, त्याने हात वर करायचा.

मामाने ते सगळे हात एकेक करून पाहिले. रेडिओच्या हातापाशी तो जरा जास्त वेळ थांबला. मग पेन बाकावर ठेवून त्याने आपला हात सरळ वर केला.

दुसरा तुकडा सुरू करायला चिमीला बटण सापडेना. डोळे इतके भरून आले होते.