काट्याचा भरवसा

शैलेंद्रने इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा दांडा मागे ओढला, पुन्हा पुढे रेटला, पण इंजिन बंद पडलं ते पडलंच. पडद्यावरचं जुनं रशियन लढाऊ विमान नाक खाली घालून घरंगळू लागलं आणि बघता बघता तपकिरी माळ अंगावर आला.

"अजीब है," तो स्वतःशीच पुटपुटला. "अर्धी टाकी बाकी आहे अजून."

इंधनाचा काटा खरोखरच अर्ध्यावर उभा होता. त्या रविवारी दुपारी हे तिसऱ्यांदा घडत होतं. प्रोग्राममध्येच काहीतरी खोट असावी असं त्याला वाटू लागलं होतं, तेवढ्यात दारातून तात्यांचा आवाज आला.

"निघताना काटा कोणी लावला होता?"

शैलेंद्र खुर्चीसकट वळला. तात्या, म्हणजे त्याचे वडील यज्ञेश्वर, तरुणपणी नऊ वर्षं हवाई दलात होते. विमानांमधले मीटर दुरुस्त करणं आणि उड्डाणापूर्वी ते तपासणं, हे त्यांचं काम. मग उज्जैनला येऊन ते वीज खात्यात लागले, तिथूनच निवृत्त झाले, आणि त्या नऊ वर्षांबद्दल घरात त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. फ्रीगंजमधल्या या फ्लॅटमध्ये गणवेशातला त्यांचा एकही फोटो नव्हता. हे बघून तरी दोन शब्द बोलतील, म्हणून शैलेंद्रने संगणकावरच्या उड्डाणाच्या खेळासाठी नेमकं हेच, तात्यांच्या काळातलं विमान विकत घेतलं होतं. चार महिने तात्या त्या दारावरून न थांबता जात होते.

"लावायचा मतलब?" त्याने विचारलं.

तात्या आत आले, पलंगाच्या कडेवर टेकले आणि हळूहळू सांगू लागले. मोटारीचा काटा टाकीत किती आहे ते दाखवतो, तसा हा नाही. याला टाकीतलं काही कळत नाही. खालचा माणूस उड्डाणापूर्वी हाताने जो आकडा लावून देतो, तोच याचा आरंभ. पुढे इंजिनाकडे जेवढं जाईल तेवढं तो त्यातून वजा करत राहतो. शैलेंद्रने विमान हलकं राहावं म्हणून इंधन निम्मंच घेतलं होतं आणि काटा पूर्णावर तसाच राहू दिला होता. इंजिन प्रोग्रामच्या खोटीने नव्हे, इंधन संपल्याने बंद पडत होतं.

"त्याला खोटं सांगितलं, तर तो शेवटपर्यंत तेच खोटं बोलतो," तात्या म्हणाले आणि उठून गेले.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर ते आपणहून आले. मागच्या टाकीत इंधन कमी ठेवता येईल का, असं त्यांनी विचारलं. किती कमी, ते लिटरमध्ये सांगितलं. काटा पूर्णावर लावायला सांगितला. कोणत्या दिशेला जायचं, किती उंचीवर, किती वेगाने, हेही सगळं त्यांना तोंडपाठ होतं. शैलेंद्रने तसं केलं. बऱ्याच वेळाने पॅनेलवर एक लाल दिवा लागला.

"इंधन कमी असल्याचा दिवा," तात्या म्हणाले. "तो थेट टाकीतून लागतो. पण त्या काळी हे दिवे उगाचच लागायचे. तू वळू नकोस. जात राहा."

काही मिनिटांनी इंजिन थांबलं. विमान कोसळेपर्यंत तात्या पडद्याकडे बघत होते. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट रोवलेले होते.

"कोण होतं त्यात?" शैलेंद्रने विचारलं.

मग तात्यांनी सांगितलं. फ्लाइंग ऑफिसर बोरठाकूर. आसामचा, चोवीस वर्षांचा. मे महिन्यातलं ऊन होतं, पत्र्याला हात लावता येत नव्हता. इंधन भरणं चालू असतानाच तात्यांनी काटा पूर्णावर लावला आणि ते सावलीत जाऊन बसले. इंधनाचा टँकर मध्येच दुसऱ्या विमानाकडे बोलावला गेला, हे त्यांनी पाहिलंच नाही. हवेतून बोरठाकूरने विचारलं होतं की दिवा लागलाय, पण काटा भरपूर दाखवतोय, कशावर विश्वास ठेवू? तो प्रश्न फोनवरून खाली तात्यांपर्यंत आला.

"मी म्हटलं, काटा बरोबर आहे. मी स्वतः लावलाय."

चौकशीत ठरलं की दिव्याकडे वैमानिकाने दुर्लक्ष केलं. त्या फोनबद्दल कोणी विचारलं नाही आणि तात्यांनी सांगितलं नाही. मुलाच्या सामानाची पेटी न्यायला बोरठाकूरचे वडील आले होते. माझा मुलगा असा बेफिकीर होता का, असं त्यांनी तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला विचारलं. तात्यांनाही विचारलं.

पितृपक्षात राम घाटावर तात्या दरवर्षी घरच्या नावांनंतर आणखी एकासाठी पाणी सोडत, आणि गुरुजींनी गोत्र विचारलं की माहीत नाही म्हणत. ते कोणासाठी, हे शैलेंद्रला आत्ता कळलं.

"दिवा लागल्या लागल्या वळला असता, तर पोचला असता का रे?" तात्यांनी विचारलं. "पन्नास वर्षं झाली, मला माहीत नाही."

आधी सराव करतो, असं म्हणून शैलेंद्रने एक आठवडा मागून घेतला. कामावरून आला की तो पडद्यासमोर बसे. सुरुवातीला विमान धावपट्टीच्या अलीकडेच पडत होतं. गुरुवारपर्यंत मात्र ते पाचातून चार वेळा सुखरूप उतरू लागलं. शनिवारी त्याने संगणक उघडलाच नाही.

रविवारी तात्या शेजारी येऊन बसले. दिवा लागला, शैलेंद्र वळला. परतीच्या वाटेवर त्याच्या अंगठ्याने एक बटण दाबलं आणि पोटाखालचे वेग कमी करणारे पत्रे, म्हणजे एअरब्रेक, उघडे राहिले. विमान हवेशी झुंजत, इंधन पीत चाललं. धावपट्टी दिसू लागली तेव्हा इंजिन थांबलं.

"नाही पोचत, तात्या," शैलेंद्र म्हणाला. "किसी भी हाल में नहीं. मी आठवडाभर करून बघितलं."

तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"एअरब्रेक मिटून घे," ते म्हणाले, "आणि पुन्हा कर."

शैलेंद्रने पुन्हा केलं. विमानाची चाकं धावपट्टीला लागली, ते धावलं, मंदावलं, थांबलं. इंजिन अजून चालूच होतं. तात्यांनी डोळे मिटले. ते पुन्हा उघडेपर्यंत शैलेंद्र समोरच बघत राहिला.

नंतर तात्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. जुन्या एका सहकाऱ्याकडून फोनवर मिळवलेला जोरहाटचा पत्ता होता. बोरठाकूरची धाकटी बहीण अजून तिथे राहते, असं ते म्हणाले. "माझा हात कापतो, मी सांगतो आणि तू इंग्रजीत लिही."

शैलेंद्रने पत्र लिहायला घेतलं. तुमच्या भावाची चूक नव्हती, हे पहिलं वाक्य तात्यांनी सांगितलं तसं उतरलं. दुसऱ्या वाक्याशी तो अडखळला आणि त्याने लिहिलं की त्या दिवशी काटा चुकीचा लावला गेला होता. तात्यांनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली.

"‘लावला गेला’ नको," ते म्हणाले. "‘मी लावला’ असं लिही."